गांधी, नरिमान (नारी) दोसाभाई

(1934–1993). भारतीय वास्तुशिल्पी, सेंद्रिय वास्तुकलेचे महाराष्ट्रातील सर्वांत आग्रही, आणि काहीसे एकाकी, उपासक. जन्म सुरत येथे, पारशी कुटुंबात. मुंबईच्या जे. जे. संस्थेत वास्तुकलेचे अध्ययन झाल्यावर ते अमेरिकेस गेले, आणि जेथे शेती, स्वयंपाक व सुतारकी ही कामेही आलेखनाच्या जोडीने शिष्यांच्याच अंगावर असत, त्या वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट यांच्या टॅलिएसिन या गुरुकुलात उमेदवार म्हणून रुजू झाले. 1959 मध्ये राइट निवर्तल्यावर त्यांनी केंट स्टेट विद्यापीठात मृत्पात्रकलेचे शिक्षण घेतले. ओल्या मातीवर बसलेला हात पुढे विटा-दगडांवरही तसाच फिरला, असे मानावयास जागा आहे.

मायदेशी परतल्यावर गांधींनी कचेरी थाटली नाही, आणि नकाशे तर क्वचितच काढले. दिवसचे दिवस जागेवर घालवून, जमिनीचा उतार, वाऱ्याची दिशा आणि उभी झाडे यांचा अदमास घेत, गवंडी व सुतार यांच्या बरोबरीने स्वतः राबत ते घर वाढवीत नेत. वाशिम जिल्ह्यातील इंझोरीसारख्या गावी फक्कीने रेघ मारून, दोरी ताणून, ओळंब्याच्या भरवशावर भिंत चढविणाऱ्या गवंड्याला यात फारसे नवल वाटणार नाही. नवल वाटावे ते नकाशावाचून पाऊल न टाकणाऱ्या शहरी वास्तुव्यवसायाला.

लोणावळा आणि अलिबागच्या परिसरात त्यांची महत्त्वाची घरे आहेत. पैकी रेवदंडा येथील घराच्या विटांच्या भव्य कमानी विशेष उल्लेखनीय होत. विटेला ताण सोसत नाही, दाब मात्र ती बिनतक्रार सोसते. म्हणून कमानीतील प्रत्येक वीट शेजारणीला रेटीत वरचा भार जमिनीपर्यंत उतरवते, आणि माथ्याची शेवटची वीट घट्ट बसून मसाला आवळेपर्यंत खालचा लाकडी साचा काढण्याची सोय नसते. सेंद्रिय वास्तुकलेतील निसर्गाचे अनुकरण म्हणजे पानाफुलांची नक्षी, हा समज अशा कमानीखाली उभे राहिले की गळून पडतो, कारण येथे आकार भाराच्या वाटेनेच ठरलेला असतो.

गांधींच्या मागे कागद फार थोडे उरले. त्यामुळे त्यांच्या कलेच्या अभ्यासकाला दप्तरे चाळून भागत नाही. बहुतेक घरे खाजगी मालकीची असल्याने फाटकाशी उभे राहून घरमालकाची परवानगी मागावी लागते.