पंप-ॲक्शन की सेमी-ऑटोमॅटिक? शॉटगनच्या किमतीमागचं गणित काय?

'पबजी' किंवा 'बीजीएमआय' खेळणाऱ्यांना एस१८९७ आणि एस१२के ही नावं पाठ असतात. पहिल्या शॉटगनमध्ये प्रत्येक फायरनंतर 'खट-खटाक' करत पुढची मूठ मागे-पुढे करावी लागते. दुसरीत फक्त ट्रिगर दाबत राहायचं. गेममध्ये हा फरक काही क्षणांचा असतो. अमेरिकेच्या बाजारात मात्र तोच फरक शेकडो, कधी हजार-दीड हजार डॉलर्सचा होतो.

अमेरिकेत शिकारी, क्ले टार्गेट नेमबाज, पोलिस आणि घराच्या संरक्षणासाठी बंदूक ठेवणारे असे सगळेच शॉटगन विकत घेतात. त्यातली कोणती घ्यायची, हा वाद तिथे शंभर वर्षांहून जुना आहे. 'जितकी महाग, तितकी चांगली' हे उत्तर सोपं आहे, पण अर्धवट आहे. पंप-ॲक्शन बंदूक स्वस्त असते, कारण तिचं अर्धं काम माणूस करतो. तेच काम यंत्राकडे सोपवायचं असेल, तर पैसे मोजावे लागतात.

शॉटगन रायफलपेक्षा वेगळी कशी?

रायफलच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात आणि तिच्यातून एका वेळी एकच गोळी सुटते. शॉटगनची नळी आतून गुळगुळीत असते. तिच्या काडतुसात बहुतेक वेळा अनेक छर्रे भरलेले असतात आणि ते पसरत जातात. त्यामुळे उडणारा पक्षी किंवा हवेत फेकलेली मातीची तबकडी टिपायला ती उपयोगी पडते.

आपल्याकडे जिला 'बाराबोर' म्हणतात, ती १२ गेजची शॉटगन. एक पाउंड शिशाचे १२ सारखे गोळे केले, तर एका गोळ्याचा जो व्यास भरेल, तो या नळीचा व्यास. म्हणजे साधारण १८.५ मिलिमीटर. म्हणूनच आकडा वाढला की नळी लहान होते. २० गेजची बंदूक १२ गेजपेक्षा बारीक असते.

दोन्ही बंदुका चालतात कशा?

पंप-ॲक्शनमध्ये नळीखालची मूठ मागे ओढली की रिकामं काडतूस बाहेर पडतं. ती पुढे ढकलली की नवं काडतूस जागेवर जातं. सगळी ताकद नेमबाजाच्या हाताची.

सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हेच काम फायरमधून निर्माण झालेली ऊर्जा करते. नेमबाजाने फक्त ट्रिगर सोडून पुन्हा दाबायचा. एकदा दाबला की एकच बार निघतो. ट्रिगर दाबून ठेवल्यावर सलग गोळ्या सुटत राहतात, ती 'ऑटोमॅटिक' बंदूक. ती वेगळी. बातम्यांमध्ये आणि रील्समध्ये या दोन शब्दांची अनेकदा गल्लत होते.

सेमी-ऑटोमध्ये आज दोन पद्धती जास्त दिसतात. 'गॅस' पद्धतीत नळीतला थोडा वायू बारीक छिद्रांतून वळवून त्याने आतला दट्ट्या मागे ढकलला जातो. 'इनर्शिया' पद्धतीत बंदूक मागे सरकते, पण आतला जड बोल्ट जडत्वामुळे क्षणभर जागेवरच राहतो. त्यामुळे एक जाड स्प्रिंग दाबली जाते आणि ती सुटताना बोल्टला मागे फेकते. इटलीच्या बेनेली कंपनीची ओळखच या पद्धतीमुळे झाली.

दोन्हींमागे एकच डोकं

गंमत म्हणजे या दोन्ही प्रकारांच्या इतिहासात एकच नाव ठळक दिसतं: अमेरिकी संशोधक जॉन ब्राउनिंग. विंचेस्टर कंपनीची १८९७ सालची प्रसिद्ध पंप-ॲक्शन शॉटगन त्याचीच. गेममधली एस१८९७ तिच्यावरूनच घेतली आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांनी खंदकांमध्ये ती इतकी परिणामकारकपणे वापरली, की सप्टेंबर १९१८ मध्ये जर्मनीने तिच्याविरुद्ध अधिकृत निषेध नोंदवला होता.

पुढे ब्राउनिंगने सेमी-ऑटो शॉटगन तयार केली. तिच्यासाठी त्याला एकरकमी पैसे नको होते, विक्रीवर रॉयल्टी हवी होती. विंचेस्टरने नकार दिला. जानेवारी १९०२ मध्ये तो रेमिंग्टनच्या कार्यालयात गेला, पण त्याच दिवशी कंपनीचे प्रमुख मार्सेलस हार्टली यांचं हृदयविकाराने निधन झालं. अखेर ब्राउनिंगने बेल्जियम गाठलं आणि तिथल्या एफएन कंपनीने ती बंदूक बनवायला घेतली. हीच 'ऑटो-५'. तिचं उत्पादन विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत चाललं.

स्वस्तात चांगली पंप का मिळते?

पंप-ॲक्शनमध्ये वायूची छिद्रं, दट्ट्या, जडत्वाची स्प्रिंग असं काही लागत नाही. सुटे भाग कमी आणि त्यांची मापंही तुलनेने सोपी. त्यामुळे कमी किमतीतही कंपनीला मूळ यंत्रणेत फार तडजोड करावी लागत नाही.

रेमिंग्टन ८७० (१९५०) आणि मॉसबर्ग ५०० (१९६१) ही यातली दोन मोठी नावं. दोन्हींची विक्री प्रत्येकी एक कोटीच्या पुढे गेली आहे. ८७० चा सांगाडा पोलादी, म्हणून ती जड आणि दणकट वाटते. ५०० चा सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, म्हणून ती हलकी. शिवाय तिचा सेफ्टी खटका वरच्या बाजूला, अंगठ्याखाली येतो. त्यामुळे डावखुऱ्यांनाही ती सोयीची पडते.

अमेरिकेत अशी पंप शॉटगन साधारण ४०० ते ६०० डॉलर्सना मिळते. मॉसबर्गचीच मॅव्हरिक ८८ तर २५० डॉलर्सच्या आसपास मिळते.

मग पंपमध्ये तडजोड कुठे होते? बहुतेक वेळा बाहेरच्या कामात. ८७० चंच उदाहरण घ्या. तिच्या 'विंगमास्टर' मॉडेलवर चकचकीत पॉलिश आणि अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता असतो. १९८७ मध्ये आलेल्या स्वस्त 'एक्सप्रेस' मॉडेलची यंत्रणा तीच होती, पण वरचा थर साधा आणि खरखरीत. तो लवकर गंज धरतो, अशी तक्रार अमेरिकी ग्राहक वर्षानुवर्षं करत आले. म्हणजे वाचवलेल्या पैशांच्या बदल्यात पुसणं आणि तेल लावणं वाढतं. बंदूक चालायची थांबत नाही.

सेमी-ऑटोमध्ये जास्तीचे पैसे कशाचे?

चांगल्या सेमी-ऑटोची किंमत साधारण हजार डॉलर्सपासून सुरू होते. बेरेटा ए३०० आणि मॉसबर्ग ९४० ही त्या टप्प्यातली नावं. अमेरिकी लष्कराने एम१०१४ या नावाने घेतलेली बेनेली एम४ दोन हजार डॉलर्सच्या आसपास जाते.

या पैशांत तीन गोष्टी मिळतात. पहिली, वेग. दुसरी, नेम. मूठ ओढावी लागत नसल्याने बंदूक लक्ष्यावरून हलत नाही आणि दुसरा बार लवकर, नीट घेता येतो. तिसरी गोष्ट सर्वात दुर्लक्षित आहे: खांद्याला बसणारा धक्का. १२ गेजचा धक्का जोरदार असतो. गॅस पद्धतीत तो थोड्या जास्त वेळात विभागला जातो आणि ढकलल्यासारखा वाटतो. हलक्या शरीरयष्टीच्या किंवा वयस्कर व्यक्तीसाठी, आणि एका दिवसात शंभर बार करणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे. धक्क्याच्या भीतीने डोळे मिटले, तर कितीही दणकट बंदूक असली तरी नेम चुकणारच.

गॅस पद्धतीची दुसरी बाजू म्हणजे सफाई. वायूसोबत काजळी आत येते आणि ती वेळोवेळी काढावी लागते. इनर्शिया पद्धत आतून स्वच्छ राहते, पण तिचा धक्का जास्त जाणवतो.

खरी जोखीम मधल्या टप्प्यात आहे. ३०० ते ५०० डॉलर्सच्या सेमी-ऑटो अमेरिकी दुकानांत भरपूर दिसतात. त्यातल्या अनेक तुर्कस्तानात बनलेल्या असतात. काही उत्तम चालतात, पण या किमतीत एकाच मॉडेलच्या दोन बंदुकांमध्येही फरक पडू शकतो. पंपमध्ये भागांची मापं किंचित इकडेतिकडे झाली, तर हाताचा जोर ते सांभाळून घेतो. सेमी-ऑटोमध्ये सांभाळून घेणारं कुणी नसतं. स्प्रिंग किंवा वायूचं छिद्र चुकलं की काडतूस अडकतं. म्हणूनच ५०० डॉलर्सच्या आत चांगली पंप ही ५०० डॉलर्सच्या सेमी-ऑटोपेक्षा सहसा सुरक्षित निवड ठरते. हजाराच्या पुढे हे गणित उलटतं.

'पंप कधीच फसत नाही' हे खरं आहे का?

पंप अधिक भरवशाची, असं सरसकट सांगितलं जातं. त्यात तथ्य आहे. काडतूस कमी ताकदीचं असो वा पूर्ण फुसकं, हाताने मूठ ओढली की ते बाहेर पडतं. सेमी-ऑटोला यंत्रणा फिरवण्यासाठी पुरेशी ऊर्जा लागते. काडतूस फार हलकं असेल, तर ती अडते.

याच कारणाने रबरी गोळ्या किंवा 'बीन बॅग' अशी कमी ताकदीची काडतुसं वापरताना अमेरिकी पोलिस पंप-ॲक्शनच हातात घेतात. बेनेलीने एम३ या मॉडेलमध्ये तर दोन्ही सोयी एकत्र दिल्या. नेहमीच्या काडतुसांसाठी सेमी-ऑटो आणि हलक्या काडतुसांसाठी पंप.

पण पंपची स्वतःची एक चूक आहे, आणि ती यंत्राची नसून माणसाची आहे. घाबरलेल्या माणसाने मूठ पूर्ण मागे ओढली नाही किंवा पूर्ण पुढे नेली नाही, तर पुढचं काडतूस जागेवर जात नाही. ट्रिगर दाबला तर फक्त 'टक्' आवाज येतो. इंग्रजीत याला 'शॉर्ट स्ट्रोक' म्हणतात. सरावाच्या मैदानावर तो क्वचित होतो. अंधारात, हात थरथरत असताना तो होण्याची शक्यता वाढते. पंप घेताना वाचवलेले पैसे सरावावर खर्च केले नाहीत, तर ती बचत खोटी ठरते.

'नुसत्या खट-खटाक आवाजानेच चोर पळतो' हा समज तर चित्रपटांनीच पसरवला आहे. त्या आवाजाने समोरच्याला तुम्ही कुठे आहात, हेही कळतं. शिवाय जाड छर्रे अमेरिकी घरांच्या जिप्समच्या पातळ भिंतींतून आरपार जातात. पलीकडच्या खोलीत कोण झोपलं आहे, हे छर्ऱ्यांना कळत नाही. दोन्ही प्रकारांत बंदूक कुलूपबंद ठेवणं हा खर्च टाळण्यासारखा नाही.

बंदुकीपेक्षा काडतुसं महाग

किंमत फक्त बंदुकीची धरली, तर हिशेब चुकतो. समजा २५ काडतुसांचा खोका १० डॉलर्सना मिळतो आणि कुणी आठवड्याला १०० बार करतो. आठवड्याचा खर्च ४० डॉलर्स, वर्षाचा २,०८० डॉलर्स. म्हणजे एका वर्षाच्या काडतुसांत एक बेनेली एम४ येते.

इतका सराव करणाऱ्यासाठी पंप आणि सेमी-ऑटोमधला ५०० डॉलर्सचा फरक किरकोळ आहे. तो खांदा वाचवण्यात वसूल होतो. वर्षातून दोनदा शिकारीला जाणाऱ्यासाठी मात्र तोच फरक वाया जातो. त्यातही बदकांसारख्या स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत शॉटगनमध्ये तीनपेक्षा जास्त काडतुसं ठेवायला अमेरिकी कायद्याने मनाई आहे. तिथे सेमी-ऑटोच्या वेगाचा फायदा आपोआप मर्यादित होतो.

कायद्याच्या नजरेत फरक किती?

पंप म्हणजे 'साधी' बंदूक, हे प्रत्येक देश मानत नाही. ऑस्ट्रेलियात एप्रिल १९९६ मध्ये पोर्ट आर्थर इथे ३५ जणांची हत्या झाली. त्यानंतर सेमी-ऑटो आणि पंप-ॲक्शन अशा दोन्ही शॉटगनवर कठोर निर्बंध आले. सराईत हातात पंपही वेगाने चालते, हे त्यामागचं कारण. ब्रिटनमध्ये १९८८ पासून दोनपेक्षा जास्त काडतुसं मावणाऱ्या पंप आणि सेमी-ऑटो शॉटगनला साधा शॉटगन परवाना चालत नाही, अधिक कडक परवाना लागतो.

खेळाचा नियम आणखी वेगळा. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या स्पर्धांत सेमी-ऑटो चालते, पंप-ॲक्शन नाही. प्रत्यक्षात बहुतेक खेळाडू वर-खाली दोन नळ्या असलेली बंदूक वापरतात. राज्यवर्धन सिंह राठोड यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये डबल ट्रॅप या शॉटगनच्याच प्रकारात रौप्यपदक मिळवलं होतं.

भारतात काय स्थिती?

भारतात परवान्याशिवाय यातली कोणतीही बंदूक बाळगणं गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला सर्वसाधारणपणे दोनच बंदुका ठेवता येतात. ऑटोमॅटिक शस्त्रं निषिद्ध आहेत. कोकणात शेती संरक्षणासाठी परवाना घेतलेल्यांकडे दिसते ती ठासणीची किंवा एक-दोन नळ्यांची काडतुसाची बंदूक. निवडणूक आली की ती पोलिस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात १२ बोअरची पंप-ॲक्शन बंदूकही बनते.

पंप-ॲक्शनचं नाव भारतात सर्वात जास्त ऐकलं गेलं, ते मात्र 'पेलेट गन' म्हणून. काश्मीरमध्ये २०१० पासून जमाव पांगवण्यासाठी वापरलेल्या या १२ बोअरच्या पंप-ॲक्शन बंदुकाच. एका काडतुसात शेकडो बारीक छर्रे असतात आणि सुटल्यावर ते कुणाच्या डोळ्यात जातील, यावर कुणाचंच नियंत्रण नसतं. २०१६ मध्ये अनेकांची दृष्टी गेली, त्यात लहान मुलंही होती. बंदूक 'स्वस्त आणि भरवशाची' असणं आणि ती निर्धोक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

थोडक्यात

• बजेट ५०० डॉलर्सच्या आत: नावाजलेली पंप-ॲक्शन. पैसे उरले तर काडतुसं आणि प्रशिक्षण.

• हजार डॉलर्स किंवा जास्त आणि नियमित सराव: गॅस पद्धतीची सेमी-ऑटो. धक्का कमी, दुसरा बार जलद.

• धक्का सोसत नसेल तर: सेमी-ऑटो किंवा २० गेज. हलकी १२ गेज पंप टाळलेली बरी.

• कमी ताकदीची किंवा मिश्र काडतुसं: पंप-ॲक्शन.

• सफाईचा कंटाळा असेल तर: इनर्शिया पद्धत किंवा पंप.

• कोणतीही घेतली तरी: कुलूपबंद कपाट आणि स्थानिक कायद्याची माहिती हा किमतीचाच भाग.