ग्राफएमएल
आलेखाची, म्हणजे शिरोबिंदू व त्यांना जोडणाऱ्या कडांची माहिती एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठीचे एक्सएमएल-आधारित फाइल-स्वरूप (→ आलेख सिद्धांत, एक्सएमएल). २००० साली विल्यम्सबर्ग (अमेरिका) येथील आलेख-आरेखन परिसंवादाच्या वेळी त्याची आखणी सुरू झाली. त्याआधी जीएमएल हे साध्या मजकुराचे स्वरूप रूढ होते (→ जीएमएल). शिरोबिंदू ‘नोड’ व कडा ‘एज’ या खुणेने नोंदतात. प्रत्येक कडेत तिच्या दोन्ही टोकांच्या शिरोबिंदूंचे ओळखनाम असते. नाव, भार यांसारखे गुणधर्म आरंभी ‘की’ खुणेत प्रकारासह घोषित करून ‘डेटा’ खुणेत भरतात. त्यामुळे अपरिचित गुणधर्म वगळूनही मूळ रचना वाचता येते. दिष्ट, अदिष्ट, मिश्र व अंतर्गुंफित आलेख त्यात मांडता येतात. गेफी, नेटवर्कएक्स व आयग्राफ ही आलेखांची सॉफ्टवेअर हे स्वरूप वाचतात व लिहितात. वायएड हे आलेख-आरेखनाचे सॉफ्टवेअर मात्र आकार-रंग स्वतःच्या विस्तारात साठवते. ते इतरत्र सहसा उतरत नाहीत.