काशाचे नाणे, रोमचा हिशेब

हेलेस्पाँटच्या सामुद्रधुनीवरील सेस्टोस या ग्रीक नगराने इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात मेनास नावाच्या नागरिकाचा गौरव करणारा ठराव दगडावर कोरून घेतला. नगराने स्वतःची काशाची नाणी पाडायचे ठरवून ते काम मेनासकडे दिले, असे त्यात आहे. कारणेही दिली आहेत: नगराचा छाप चलनात राहावा आणि त्यातला नफा लोकांना मिळावा. रोमच्या छायेतली ही नाणी म्हणजे ग्रीक स्वातंत्र्याची शेवटची निशाणी, असे मानण्याकडे कल असतो. पहिले कारण त्याला दुजोरा देते. पण ही नाणी पुढे चारशे वर्षे का टिकली, याचे उत्तर दुसऱ्या कारणात आहे.

नफ्याची ही वाट जुनी होती. अथेन्सचा चांदीचा ओबोल पाऊण ग्रॅमहूनही हलका. त्याखालच्या व्यवहाराला चांदी अडचणीची. म्हणून इ.स.पू. पाचव्या शतकात सिसिली आणि दक्षिण इटलीतील ग्रीक नगरांनी काशाची नाणी काढली. पुढे अथेन्समध्ये खाल्कोई या काशाच्या आठ नाण्यांचा एक ओबोल झाला. धातू स्वस्त, दर्शनी किंमत मोठी, मधला फरक नगराच्या तिजोरीत. असे नाणे वेशीबाहेर फारसे चालत नसे, त्यामुळे सत्ताधीशांना त्याची धास्तीही नव्हती.

रोमचा प्रभाव नाण्यावरच्या चित्रांत शोधावा, हे सहज सुचते. बिथिनियातील नगरांनी इ.स.पू. 60 च्या सुमारास प्रांताधिपती गायस पापिरियस कार्बोचे नाव आणि रोमा देवीची मूर्ती नाण्यांवर आणली. पुढे बहुतेक नगरांत सम्राटांचे मुखवटे आले. पण अथेन्स आणि खिऑस यांनी सम्राटाविनाच काम चालवले. त्याच खिऑसच्या नाण्यांवर मात्र ‘ओबोल’च्या जोडीला ‘असारिऑन’ हे रोमन मूल्यही कोरलेले आहे. थेसलीत सम्राट ऑगस्टसच्या काळात तिथल्या 15 स्टेटर नाण्यांना रोमची साडेबावीस डेनारियस ही चांदीची नाणी असा दर ठरला. म्हणजे जिथे सम्राटाचा चेहरा पोचला नाही, तिथेही त्याचा हिशेब पोचला होता.

मग रोमने ही नाणी बंदच का केली नाहीत? इतिहासकार डिओ कॅसियसने ऑगस्टसचा सल्लागार मायसेनस याच्या तोंडी तसा सल्ला घातला आहे खरा, पण तो अमलात आला नाही. शेकडो बाजारांना सुटे पैसे पुरवण्याचा खर्च नगरे परस्पर उचलत होती आणि त्याची भरपाई बट्ट्यातून होत होती. पर्गममच्या एका शिलालेखानुसार सराफ 17 असारिऑन देऊन डेनारियस घेत आणि 18 घेऊन तो विकत.

तिसऱ्या शतकात रोमच्या नाण्यात चांदी नावापुरती उरली. त्या नाण्यात मोजलेल्या काशाच्या पैशातला फायदा आटला आणि इ.स. 276 च्या सुमारास आशिया मायनरमधील नगरांच्या टांकसाळी बंद झाल्या. त्यांना कोणत्याही हुकुमाने नव्हे, तोट्याने टाळे लावले.