फुलमेटल अल्केमिस्ट : मांगा आणि ॲनिमे

हिरोमू आराकावा या जपानी चित्रकथाकर्तीची मांगा आणि तिची दोन ॲनिमे रूपांतरे. मेलेल्या आईला किमयेच्या बळावर परत आणू पाहणाऱ्या दोन भावांची ही कथा. त्या प्रयत्नात एडवर्ड एक हात व एक पाय गमावतो, तर आल्फोन्स संपूर्ण शरीर. मांगा २००१ ते २०१० या काळात ‘गेक्कान शोनेन गांगान’ मासिकातून क्रमशः आली; तिचे २७ खंड आहेत.

बोन्स स्टुडिओने २००३ मध्ये ॲनिमे सुरू केले तेव्हा मांगा अर्ध्यावरही आली नव्हती. त्यामुळे दिग्दर्शक सेइजी मिझुशिमा यांच्या ५१ भागांची कथा आराकावा यांच्या संमतीने पुढे वेगळ्या वाटेने गेली. मांगात होमुन्क्युलस (किमयेने घडलेले कृत्रिम मानव) हे ‘फादर’ या मुख्य खलनायकाने स्वतःतून वेगळे काढलेले दुर्गुण आहेत, या ॲनिमेत मात्र मृताला जिवंत करण्याच्या फसलेल्या प्रयत्नांतून ते जन्मतात. म्हणजे भावांचे पापच त्यांच्यासमोर शत्रू होऊन उभे राहते. हा बदल मूळ कथेइतकाच समर्थ आहे.

यासुहिरो इरिए यांचे ६४ भागांचे दुसरे ॲनिमे ‘ब्रदरहुड’ (२००९–१०) मांगाशी एकनिष्ठ आहे. मांगा आणि हे ॲनिमे जवळजवळ एकाच वेळी संपले. मात्र सुरुवातीचे प्रसंग या ॲनिमेत घाईने उरकले आहेत. भावांना जीव लावणारा लष्करी अधिकारी मेस ह्यूज याचा मृत्यू पहिल्या मालिकेत २५व्या भागात येतो, येथे १०व्यातच. तोवर त्याचा पुरेसा लळा लागलेला नसतो.