जुन्या मोटारींची दुरुस्ती: कोलकात्याचा इतिहास आणि 'मूळ गाडी'चा प्रश्न

यंत्र अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात आपण नवे यंत्र कसे घडवायचे ते शिकतो. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे यंत्र चालू कसे ठेवायचे, याला मात्र स्वतंत्र प्रकरण नसते. या टिपणात आपण तोच विषय इतिहासाच्या अंगाने पाहू आणि उदाहरण म्हणून कोलकाता शहर घेऊ. 'द स्टेट्समन' या वृत्तपत्राची जुन्या मोटारींची रॅली कोलकात्यात १९६८ पासून भरते. शेजारच्या उत्तरपाड्यात अँबॅसिडर बनत होती, आणि जुन्या सुट्या भागांचा मोठा बाजारही याच शहरात आहे.

हे टिपण वाचताना एक प्रश्न मनात ठेवा: दुरुस्ती करत करत गाडीचा किती भाग बदलला, तरी ती 'तीच' गाडी राहते? पुढे दिसेल की हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. त्याच्या उत्तरावर गाडीची नोंदणी अवलंबून आहे.

१. गाड्या आल्या, भाग थांबले

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलकाता ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी होती. व्यापारी, वकील, जमीनदार आणि संस्थानिक यांच्या गाड्या इंग्लंड, फ्रान्स आणि अमेरिकेतून जहाजाने येत. त्यांतली सर्वांत नवलाची म्हणजे १९१० मध्ये इंग्लंडमधील लोस्टॉफ्ट येथे ब्रूक कंपनीने एका कोलकातावासी इंग्रजासाठी बनवलेली हंसाच्या आकाराची मोटार. ती पुढे नाभा संस्थानाकडे गेली आणि आज नेदरलँड्समधील द हेग येथील लाउमन संग्रहालयात आहे.

गाडी एकदाच येते, पण तिचे भाग पुन्हा पुन्हा लागतात. दुसऱ्या महायुद्धात नागरी मोटारींचे उत्पादन आणि आयात जवळजवळ थांबली. स्वातंत्र्यानंतर सरकारने पूर्ण बनलेल्या गाड्यांची आयात बंद केली. १९५३ मध्ये असे धोरण ठरले की ज्या कंपन्या भारतात खरे उत्पादन करणार नाहीत, केवळ जुळणी करतील, त्यांनी काम आटोपते घ्यावे. मुंबईत १९२८ पासून जुळणी करणारी जनरल मोटर्स आणि तिच्याप्रमाणेच फोर्ड, या दोघी त्यानंतर भारतातून निघून गेल्या. देशी उद्योग उभा राहावा म्हणून हे धोरण आवश्यक मानले गेले. कुर्ल्याची प्रीमियर आणि उत्तरपाड्याची हिंदुस्थान मोटर्स याच धोरणाच्या आधाराने वाढल्या. पण ज्याच्याकडे शेव्हरोले, ब्युइक किंवा ऑस्टिन होती, त्याच्या दृष्टीने भागांचा रस्ता बंद झाला. 'दुर्मीळ भाग' हा शब्द भारतीय मिस्त्रीच्या आयुष्यात इथून आला. गाडी जुनी होण्याआधीच तिचे भाग दुर्मीळ झाले होते.

२. उत्तरपाड्याची अँबॅसिडर

हिंदुस्थान मोटर्सची स्थापना १९४२ मध्ये गुजरातेतील ओखा बंदरात झाली. १९४८ मध्ये कारखाना हुगळी जिल्ह्यातील उत्तरपाडा येथे आला. हिंदुस्थान १०, हिंदुस्थान १४, बेबी हिंदुस्थान आणि लँडमास्टर या तिथल्या सुरुवातीच्या गाड्या ब्रिटिश मॉरिसच्या नमुन्यांवर आधारलेल्या होत्या. १९५७ मध्ये मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून अँबॅसिडर आली आणि २०१४ च्या मे महिन्यापर्यंत बनत राहिली. म्हणजे ५७ वर्षे. इतक्या वर्षांत बाहेरची जाळी, दिवे, आतला डॅशबोर्ड बदलले, पण सांगाडा ओळखीचाच राहिला.

या सातत्यावर बरीच टीका झाली आणि तीत तथ्य आहे, कारण स्पर्धा नसल्याने सुधारणा रेंगाळल्या. पण दुरुस्तीच्या दृष्टीने पाहा. एखादा भाग दीर्घकाळ जवळजवळ त्याच मापाचा बनत राहिला, तर जुन्या गाडीला नव्या गाडीचा भाग चालतो. १९६० च्या दशकातील अँबॅसिडरचा मालक १९९० मध्येही दुकानात जाऊन भाग आणू शकत होता. त्याच काळातील बंद पडलेल्या परदेशी मॉडेलच्या मालकाला ही सोय नव्हती.

१९९२ च्या सुमारास कारखान्यानेच मोठा बदल केला. बीएमसीच्या 'बी' मालिकेतील जुन्या १४८९ घन सेंटिमीटर इंजिनाऐवजी १.८ लिटरचे इसुझूचे पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरची पेटी आली. हा बदल लक्षात ठेवा, विभाग ५ मध्ये तो पुन्हा लागेल.

३. मल्लिक बाजार आणि हावडा

पार्क स्ट्रीट आणि आचार्य जगदीशचंद्र बोस रोड जिथे मिळतात, तिथे मल्लिक बाजार आहे. जुन्या गाड्यांचे सुटे भाग ही त्याची ओळख. मोडीत निघालेल्या गाडीचे दरवाजे, अ‍ॅक्सल, गिअरपेट्या, दिव्यांच्या कड्या वेगळ्या होतात आणि दुसऱ्या गाडीत जातात. ज्याला आपण भंगार म्हणतो, तो इथे साठा असतो.

जो भाग साठ्यातही नाही, तो बनवावा लागतो. त्यासाठी नदीपलीकडे हावडा आहे. ओतशाळा आणि छोटी लेथ-मिलिंगची दुकाने यांमुळे हावड्याला एके काळी 'पूर्वेचे शेफील्ड' म्हणत. बेलिलियस रोडच्या परिसरात अशी वर्कशॉप दाटीने आहेत. तिथले कौशल्य मोटारींसाठी जन्मलेले नाही. ते तागाच्या गिरण्या, रेल्वे आणि जहाजदुरुस्तीच्या कामातून आले. एकच नग करून देण्याची तयारी हे या कौशल्याचे वैशिष्ट्य. मोठ्या कारखान्याला एक नग परवडत नाही, लेथवाल्याला परवडतो.

आता या साखळीतला धोका पाहू. कलकत्ता उच्च न्यायालयाच्या २००८ मधील आदेशानंतर कोलकाता महानगर क्षेत्रात १५ वर्षांहून जुन्या व्यावसायिक गाड्या हटवल्या जाऊ लागल्या. टॅक्सी मोडीत निघाली की तिचे भाग बाजारात येतात. पण उत्पादन २०१४ मध्येच थांबले. शेवटच्या वर्षी नोंदलेल्या टॅक्सीची १५ वर्षे २०२९ मध्ये भरतील. त्यानंतर मोडीतून येणारा हा पुरवठा आटत जाईल आणि अँबॅसिडरचा मालकही त्याच जागी येईल, जिथे ब्युइकचा मालक १९५४ मध्ये होता. हावड्यातील एकेका लेथवाल्याचे महत्त्व म्हणूनच येत्या काळात वाढणार आहे.

४. न मिळणारा भाग बनवताना: मापांच्या तीन अडचणी

भाग हाती आहे, पण झिजलेला आहे आणि रेखाचित्र नाही, अशी बहुतेक वेळा स्थिती असते. व्हर्निअर लावला आणि माप घेतले, एवढ्याने काम होत नाही. कारणे इतिहासात आहेत.

(अ) आटे. जुन्या ब्रिटिश गाड्यांत व्हिटवर्थ किंवा बीएसएफ पद्धतीचे आटे असत. त्यांचा कोन ५५ अंश. ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी १९४८ मध्ये एकसमान आट्यांचे मानक स्वीकारले. त्याचा कोन ६० अंश. पुढे भारताने मेट्रिक पद्धत घेतली. तिचा कायदा १९५६ चा आणि प्रत्यक्ष सुरुवात ऑक्टोबर १९५८ पासून. पाव इंच व्यासाच्या बोल्टवर बीएसएफमध्ये इंचाला २६ आटे, यूएनएफमध्ये २८. मेट्रिक ६ मिलिमीटरच्या बोल्टवर अंतर १ मिलिमीटर, म्हणजे इंचाला २५.४ आटे. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. त्यामुळे ६ मिलिमीटरचा बोल्ट पाव इंची बीएसएफ भोकात ढिला जातो, फिरतो, बसल्यासारखा वाटतो आणि ताण आला की निसटतो. ब्रेकच्या जागी असे झाले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. जुन्या गाडीवर काम करताना पिच गेज आधी, पाना नंतर.

(आ) गिअर. ब्रिटिश आणि अमेरिकन गिअर डायमेट्रल पिचमध्ये मोजत, आपण मॉड्यूलमध्ये मोजतो. २५.४ ला डायमेट्रल पिचने भागले की मॉड्यूल मिळते. समजा, १० डायमेट्रल पिचचा ४० दात्यांचा गिअर तुटला आहे. त्याचा पिच व्यास ४ इंच, म्हणजे १०१.६ मिलिमीटर. मॉड्यूल २.५४ येते. बाजारात २.५ मॉड्यूलचा कटर सहज मिळतो. तो वापरला तर व्यास १०० मिलिमीटर होतो. फरक १.६ मिलिमीटरचा आहे आणि प्रत्येक दात्याचे अंतरही बदलते. असा गिअर बसेल, आवाज करेल आणि जोडीदार गिअरलाही खाईल. इथे 'जवळपास' चालत नाही.

(इ) ओतकाम. तुटलेला जुना भागच पॅटर्न म्हणून वाळूत दाबला तर नवा भाग लहान निघतो, कारण बीडाचे ओतीव थंड होताना सुमारे १ टक्का आकसते. २०० मिलिमीटरचा भाग १९८ चा होतो. म्हणून पॅटर्न मोठा करावा लागतो आणि यंत्रकामासाठी त्यावर आणखी धातू सोडावा लागतो. मुरलेला पॅटर्नमेकर यासाठी आकुंचनाची वाढ धरलेली खास पट्टी वापरतो.

५. दुरुस्ती कुठे संपते, सुधारणा कुठे सुरू होते?

वर उल्लेखलेले बीएमसीचे इंजिन घ्या. सिलिंडरचा व्यास ७३.०२५ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.९ मिलिमीटर, सिलिंडर चार. गणित केले की १४८९ घन सेंटिमीटर मिळतात. सिलिंडर झिजला म्हणून तो ०.०४० इंचाने बोअर केला, तर व्यास ७४.०४१ होतो आणि क्षमता सुमारे १५३१. ४२ घन सेंटिमीटरची वाढ! हेतू दुरुस्तीचा होता, पण यंत्र मूळचे राहिले नाही. उलट स्लीव्ह बसवून मूळ व्यासावर आणले, तर आकडा जुना राहतो, पण मूळ ब्लॉकमध्ये नवा धातू आला. दोन्ही मार्ग रूढ आहेत. कोणता निवडला, हे लिहून ठेवणे महत्त्वाचे.

काही बदल परिस्थितीच करायला लावते. भारतात फेब्रुवारी २००० पासून पेट्रोलमधील शिसे गेले. सार्वजनिक आरोग्यासाठी ते फार चांगले झाले. पण जुन्या बीडाच्या हेडमध्ये शिशाचा थर व्हॉल्व्ह सीटचे रक्षण करत होता. तो गेल्यावर सीट झिजते, म्हणून कठीण धातूच्या सीट बसवाव्या लागतात. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. जुन्या रबरी नळ्या, डायफ्रॅम आणि बुचाची गॅस्केट त्यात टिकत नाहीत, म्हणून इथेनॉल सोसणारे भाग घालावे लागतात. हे बदल बाहेरून दिसत नाहीत आणि गाडी वाचवतात.

काही बदल सोयीचे असतात. डायनॅमो इंजिन मंद असताना फार थोडी वीज देतो. कोलकात्याच्या तुंबलेल्या रस्त्यावर दिवे, वायपर आणि पंखा एकदम चालवायचे तर अल्टरनेटर बरा. रेडिएटरपुढे विजेचा पंखा लावणे याच वर्गातले. हे बदल उलट करता येतात: चार बोल्ट काढले की जुना डायनॅमो परत बसतो.

तिसरा वर्ग म्हणजे परत न येणारे बदल. इसुझूच्या इंजिनासाठी जुन्या गाडीचे माउंटिंग कापणे, डिस्क ब्रेकसाठी अ‍ॅक्सल बदलणे, एअर कंडिशनरसाठी डॅशबोर्डला भोके पाडणे. इथे पेच आहे. इसुझूचे इंजिन कारखान्यानेच याच सांगाड्यात बसवले होते आणि डिस्क ब्रेक निःसंशय अधिक सुरक्षित आहेत. रोज चालणाऱ्या गाडीसाठी हे बदल समर्थनीय ठरू शकतात. पण १९६५ ची गाडी काय होती, याचा पुरावा त्यात नाहीसा होतो.

जुन्या वाहनांसाठी काम करणाऱ्या फीवा या आंतरराष्ट्रीय महासंघाची 'ट्युरिन सनद' याबाबत मार्गदर्शक आहे. तिचा आशय असा: शक्य तितके जपा, गरज असेल तेवढेच बदला, बदल ओळखता येईल असा ठेवा आणि त्याची नोंद करा.

६. कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरफार करण्यास मनाई करते. त्याखेरीज जुलै २०२१ मध्ये केंद्राने जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली दुचाकी वा चारचाकी 'व्हिंटेज' ठरते. तिला 'व्हीए' अक्षरांची क्रमांकपट्टी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, १० वर्षांनी पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठी ती रस्त्यावर नेता येते. रोजच्या वापरासाठी नाही.

नियमाचा हेतू चांगला आहे. मात्र भारतीय इतिहासाशी त्याचा एक झगडा आहे. ज्या देशात अनेक वर्षे मूळ भाग मिळतच नव्हते, तिथे गाडी टिकली ती बहुधा दुसऱ्या गाडीचे भाग लावूनच. एखाद्या जुन्या ब्युइकमध्ये अँबॅसिडरचे किंवा ट्रकचे इंजिन आढळले, तर ते मालकाचे अज्ञान नसून टंचाईच्या काळाची खूण असू शकते. अशा गाडीला 'मूळ' म्हणता येणार नाही, पण 'इतिहास नसलेली' म्हणणेही चूक. मिस्त्रीने काढलेली वाट हाही तंत्रज्ञानाचा इतिहास आहे, आणि त्याची कागदावर नोंद जवळजवळ नाही.

७. समारोप

जुन्या गाडीवर काम करायची संधी मिळाली, तर तीन गोष्टी पाळा. काढलेला भाग फेकू नका, चिठ्ठी बांधून ठेवा. काम सुरू करण्यापूर्वी छायाचित्र आणि मापे घ्या. आणि भाग कोणी, कधी, कोणत्या धातूचा बनवला, ते वहीत लिहा. त्यात मिस्त्रीचे नावही येऊ द्या. पुढच्या दुरुस्ती करणाऱ्यासाठी हीच वही रेखाचित्राचे काम करेल.

स्वाध्याय

१. ८ डायमेट्रल पिच आणि ३२ दाते असलेल्या गिअरचे मॉड्यूल व पिच व्यास काढा. ३ मॉड्यूलचा कटर वापरल्यास व्यासात किती फरक पडेल?
२. वरील इंजिन ०.०२० इंचाने बोअर केल्यास क्षमता किती होईल?
३. पुढील बदलांचे 'अपरिहार्य', 'उलट करता येणारा' आणि 'परत न येणारा' असे वर्गीकरण करून कारणे द्या: कठीण व्हॉल्व्ह सीट, अल्टरनेटर, डिस्क ब्रेक, स्लीव्ह.
४. तुमच्या गावातील एखाद्या जुन्या गॅरेजला भेट द्या. तिथे हाताने बनवलेल्या एका भागाची मापे, धातू आणि बनवण्याची पद्धत यांवर दोन पानी टिपण लिहा.