कडीपाटाची खोली : नूतनीकरणाचा एक इतिहास

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ ही नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाली. त्यानंतर नागपूर, इंदूर, ग्वाल्हेर अशा शहरांतून अनेक मराठी कुटुंबे सरकारी नोकरीच्या निमित्ताने या तलावांच्या नगरीत आली. नगरी वाढत गेली, तसे उत्तरेस बेरसिया रस्त्यावरचे करोंदही तिच्या पोटात सामावले. आज मंडईच्या गजबजाटाने ओळखल्या जाणाऱ्या करोंदमधील घरात मान वर करून पाहिले, तर बहुधा सपाट, पांढरी स्लॅब दिसते. या कुटुंबांच्या आधीच्या पिढ्या ज्या वाड्यांतून वाढल्या, तेथील दृश्य निराळे होते. तेथे आजारी पडलेले मूल अंथरुणावर पडल्यापडल्या छताच्या कड्या मोजत असे. ‘आढ्याकडे बघत पडणे’ किंवा ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ ही भाषा त्या छताखालीच घडली. ते छत कालबाह्य कसे ठरले, झाकले कसे गेले आणि पुन्हा उघडे करावेसे का वाटले, याचा इतिहास मनोरंजक तर आहेच, पण जुन्या वास्तूत नांदणाऱ्या संस्थांना तो उपयुक्तही आहे.

कडीपाट म्हणजे नावाप्रमाणेच कड्या आणि पाट. दगडी तळखड्यावर लाकडी खांब उभा राही, खांबांवर तुळई येई, तुळईवर ठराविक अंतराने कड्या बसत आणि कड्यांवर फळ्यांचे पाट अंथरले जात. त्यावर मातीचा थर चोपून वरच्या मजल्याची जमीन तयार होई. देशावरच्या कमी पावसाच्या भागात याच पद्धतीने वरचे माळवदही होत असे. लाकडाची लांबी जितकी, तितकीच खोलीची रुंदी. म्हणून घराचे माप खणांत सांगण्याची रीत पडली. दिवाणखान्यात तुळया उघड्या दिसत, त्या केवळ शोभेसाठी नव्हेत. त्या घराचा भार वाहत होत्या आणि भार वाहणारी वस्तू डोळ्यांसमोर असावी, म्हणजे तिची प्रकृती कळते, हा त्यामागील व्यवहार होता. कोरीव केळफुले, महिरपी आणि नक्षी ही त्या व्यवहारावर चढलेली कला होय.

मात्र या छताचे दोष त्या काळीही जाणवत होते. पाटांच्या फटींतून माती गळे. ती अंगावर पडू नये म्हणून खाली कापड ताणून बांधीत. ‘छत’ हा शब्द अशा ताणलेल्या कापडासाठीही योजला जाई. म्हणजे तुळया झाकण्याची कल्पना अलीकडची नव्हे. फरक इतकाच, की कापड सोडून धुता येई आणि त्या निमित्ताने वरच्या लाकडाकडेही नजर जाई.

लाकडी वास्तूंवरचा विश्वास प्रथम आगीने डळमळीत केला. पुण्याच्या शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० साली झाली आणि १७३२ साली वास्तुशांत झाली. जुन्नरच्या जंगलांतील सागवान त्यासाठी आणले गेले होते. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत तो वैभवशाली वाडा भस्मसात झाला आणि मागे तटबंदी व जोती उरली. मे १८७९ मध्ये बुधवारवाडा आणि विश्रामबागवाडा यांना आगी लावण्यात आल्या. लोकहितवादींच्या काळात, १८४८ साली स्थापन झालेल्या ‘पूना नेटिव जनरल लायब्ररी’चा, म्हणजे पुढच्या पुणे नगर वाचन मंदिराचा, ग्रंथसंग्रह बुधवारवाड्यात होता. त्या आगीत वाड्याबरोबर ग्रंथही गेले. जुन्या लाकडी छताखाली पुस्तके ठेवणाऱ्या प्रत्येक संस्थेने ही घटना ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्याच सुमारास बांधकामाची साधनेही बदलत होती. १८६५ साली मंगळूर येथे बासेल मिशनने कौलांचा कारखाना काढला आणि मंगलोरी कौले दूरवर पोहोचली. तुळईच्या जागी लोखंडी गर्डर आला आणि विसाव्या शतकात सिमेंट-काँक्रीटच्या स्लॅबने कड्या व पाट या दोघांनाही निरोप दिला. जुने वाडे उभे राहिले, पण त्यांची निगा थांबली. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यानंतर मुंबई इलाख्यातील शहरांत भाडी गोठली. घरमालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला ती आपली वाटेना. पुण्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठचे मातीविटांचे असंख्य वाडे एका दिवसात जमीनदोस्त केले. उरलेल्या वाड्यांच्या खोल्या ‘जुनाट’ दिसू लागल्या. मग त्या ‘आधुनिक’ करण्याचा सोपा मार्ग निघाला : लाकडावर ऑइलपेंट, भिंतीवर सिमेंटचा गिलावा आणि तुळयांखाली प्लायवूडचे किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसचे खोटे छत.

खोली त्यामुळे उजळली, हे खरे. परंतु घराचा नाडीवैद्य त्या दिवसापासून अंध झाला. तुळईचे सर्वांत दुबळे अंग म्हणजे भिंतीत रुतलेले तिचे टोक. पावसाचे पाणी भिंतीत मुरते, चुन्याच्या गिलाव्यातून ते उडून जाते. सिमेंटच्या गिलाव्याआड ते कोंडते. ओल टोकाशी साचते, लाकूड कुजते आणि मागोमाग वाळवी येते. खोट्या छताखाली बसलेल्याला यातले काहीच दिसत नाही. जे दिसते ते अखेरीस, तुळई वाकल्यावर.

या प्रवाहाविरुद्ध जाणारी काही उदाहरणे मराठी माणसाच्या परिचयाची आहेत. इंदूरचा होळकरांचा राजवाडा सात मजली. खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. १८०१ साली सर्जेराव घाटग्याने इंदूर लुटले तेव्हा तो जळाला, १९०८ साली त्याचा एक भाग पुन्हा आगीत सापडला आणि १९८४ च्या दंगलीत मागचा भाग जवळजवळ नष्ट झाला. तेथे स्लॅबची नवी इमारत उभी करणे सोपे होते. तसे न करता उषाराजे होळकर यांच्या पुढाकाराने २००६-०७ मध्ये तो भाग दगड, वीट, चुना आणि लाकूड या मूळ साधनांनीच पुन्हा उभारला गेला. महेश्वरचा मार्ग वेगळा. तेथे अहिल्याबाईंचा वाडा पाहताना राजवैभवापेक्षा लाकडी खांबांचा साधेपणाच मनात भरतो. त्याच किल्ल्यातील निवासी भागाचे २००० सालापासून अतिथिगृह झाले. स्नानगृहे आणि वीज आली, तरी जुन्या वास्तूचे रूप राहिले. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाने बांधलेल्या विश्रामबागवाड्यात १८२१ साली संस्कृत पाठशाळा भरली. १८७९ च्या आगीनंतर त्याचा जळालेला भाग लोकवर्गणी व नगरपालिकेच्या साह्याने उभा राहिला. १९३० ते १९५९ या काळात तेथे पुण्याचा नागरी कारभार चालला आणि चालू शतकात महानगरपालिकेनेच त्याच्या जतनाचे काम हाती घेतले. तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे : खोलीचा उपयोग बदलला, परंतु तिला तोलून धरणारी रचना बदलली नाही.

या अनुभवांतून नूतनीकरणाचा क्रम स्पष्ट होतो. आरंभ रंगापासून नव्हे, कौलांपासून करावा. गळती थांबल्याखेरीज खालचा खर्च वाया जातो. नंतर प्रत्येक तुळईची टोके तपासावीत. टोक कुजले असेल तर संपूर्ण तुळई फेकण्याचे कारण नाही. निरोगी भागाला त्याच जातीच्या लाकडाचा सांधा कुशल सुतार देऊ शकतो. वर वर्षानुवर्षे चढत गेलेले मातीचे आणि फरशांचे अनावश्यक ओझे उतरवावे. भिंतींना चुन्याचाच गिलावा द्यावा. लाकडावरील ऑइलपेंट हळुवार काढून अळशीच्या तेलाचा हात फिरवावा. जुनी वायर बदलून ती बंदिस्त नळीतून न्यावी, कारण लाकडी छताचा पहिला शत्रू ठिणगी हा आहे. अंधारलेपणाची तक्रार रास्त असते. तिचे उत्तर छत झाकण्यात नसून फिक्या रंगाच्या भिंतींत आणि नीट योजलेल्या दिव्यांत आहे.

ग्रंथालयांना आणखी एक पथ्य पाळावे लागते. दिवाणखाना माणसांच्या बैठकीसाठी बांधलेला असतो, ग्रंथांच्या भारासाठी नव्हे. कपाटे खोलीच्या मध्यभागी, कड्यांच्या पोटावर उभी केली, तर लाकूड वर्षागणिक वाकत जाते. ती भार पेलणाऱ्या भिंतींलगत लावावीत, जड खंड तळमजल्यावर ठेवावेत आणि मध्यभागी वाचकांना बसू द्यावे. खोलीलाही तेच मानवते.

काळाचा एक विनोद येथे नोंदवला पाहिजे. ज्या स्लॅबसाठी कडीपाट टाकून दिला, त्या स्लॅबच्या खोल्याही आता जुन्या झाल्या आहेत. त्यांना ‘वाड्याचे रूप’ यावे म्हणून शहरोशहरी पोकळ तुळया चिकटवल्या जातात. त्या दिसतात सागवानी, पण भार कशाचाच वाहत नाहीत. काल खऱ्या तुळया खोट्या छताआड गेल्या. आज खऱ्या छताला खोट्या तुळया लागल्या. जुन्या वास्तूत राहण्याचे भाग्य ज्या संस्थेला लाभले आहे, तिला या दोहोंची गरज नाही. तिच्या डोक्यावर शतकभर भार वाहणारे लाकूड आहे. वर्षातून एकदा, पहिल्या पावसानंतर, कोणीतरी शिडीवर चढून त्याच्या टोकांना हात लावून पाहावा, एवढीच त्याची अपेक्षा आहे.