शेजारी शेजारी दोन शाळा

पावसाळ्यात कोल्हापूरकर घड्याळापेक्षा राजाराम बंधाऱ्याच्या पातळीकडे जास्त बघतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, शिरोलीजवळ महामार्ग बुडाला. एनडीआरएफ, नौदल, पोलीस, अग्निशमन दल, आपली व्हाइट आर्मी असे सगळे एकाच पाण्यात उतरले. त्याच पुरात ८ ऑगस्टला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी खच्चून भरलेली गावचीच बोट उलटली.

ही सगळी मंडळी आधी एकत्र शिकतात कुठे? उत्तर शोधत मी नागपूरला पोचलो, अर्थात कागदोपत्री.

१९५६ मध्ये रामपूरला सुरू झालेलं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ मध्ये नागपूरला आलं. त्याच वर्षी, त्याच शहरात दुसरी संस्था निघाली. तिचं नाव केंद्रीय आपत्कालीन मदत प्रशिक्षण संस्था. नाव नीट वाचा: त्यात युद्ध नाही, मदत आहे. मग १९६२ आणि १९६५ ची युद्धं झाली. १९६८ मध्ये नागरी संरक्षण कायदा आला आणि संस्थेचं नावही राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झालं. पूर-भूकंप कायद्याने नागरी संरक्षणाच्या कक्षेत आले ते २००९ च्या दुरुस्तीने. जिथून निघालो तिथे परत यायला एकेचाळीस वर्षं!

दोन्ही संस्था गृह मंत्रालयाच्याच. तरी आग एकीकडे, बचाव दुसरीकडे. पुढे नागपूरलाच एनडीआरएफची अकादमी ठरली आणि नागरी संरक्षण महाविद्यालय तिच्यात विलीन करायचा निर्णय झाला. अग्निशमन वेगळंच राहिलं.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे सुटे भाग एकेकटे पास होतात, जोडणीत नापास. म्हणून संकुल बांधायचं तर मला इमारतींपेक्षा मधली जागा महत्त्वाची वाटते: सगळ्यांचा एकच नियंत्रण कक्ष, आणि वाहत्या गढूळ पाण्याचा कालवा. तरणतलाव नको. पंचगंगेचा पूर निळा नसतो, त्यात तारा असतात, बुडालेली कुंपणं असतात, आणि छपरावरून उतरायला नकार देणारी आजी असते. तिला बोटीत बसवणाऱ्यांत एक जवान, एक फायरमन, एक गावचा पोरगा असतो. दोर कोण धरणार, हे त्यांनी आधी एकदा तरी मिळून करून पाहिलेलं हवं.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढलं. या वेळी ५६ फूट.